गल टॉवरची सात नंबर

स्लाऊ, गुरुवार दुपार

प्रिय पद्या,

थप्. सागवानी खांबावर उघड्या तळहाताची थाप. कुरुंदवाडच्या शाळेच्या मैदानावर तू धावत येऊन खांब गाठायचास तेव्हा हा आवाज व्हायचा, आणि त्याच्या मागोमाग पोयट्याच्या धुळीचा वास यायचा. साठ वर्षं उलटून गेली. आज सकाळी चहा गाळत होतो, तर तो आवाज इतका स्वच्छ ऐकू आला की मी मागे वळून पाहिलं. मागे फ्रिज होता. मग गाळणी ठेवली आणि कागद घेतला.

वर 'प्रिय' लिहिलंय ते शाळेत पत्रलेखनाच्या तासाला घोटून घेतलं होतं म्हणून. हाताची सवय आहे, फार मनावर घेऊ नकोस. आज तू मला मुळीच प्रिय नाहीस. मी संतापलो आहे. फोन केला असता, तर तू नेहमीसारखं 'शश्या, बीपीची गोळी घेतलीस का' असं डॉक्टरी आवाजात विचारून मला गप्प केलं असतंस. पन्नास वर्षं लोकांची हाडं जोडून तुला हा आवाज लागलाय. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

मंगळवारी तुझा ई-मेल आला. गल टॉवरच्या राष्ट्रीय खो-खो संघाची निवड. बारा जणांचे क्रमांक आणि वगळलेल्या एकीच्या पुढे तुझा शेरा: 'सात नंबर. वगळावी. नजर सतत मैदानाबाहेर. मन खेळात नाही.' एवढंच. लीड्समध्ये आरामखुर्चीत बसून व्हिडिओ पाहिलास आणि एका मुलीला तिच्या देशाच्या संघातून काढून टाकलंस. सोमवारी आपल्या राणीसाहेब ब्रेंडा यादीवर शिक्का मारतील, आणि मग काही बदलता येणार नाही. सोमवारच्या आत मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे. ती शेवटी सांगतो. आधी सगळं ऐकून घे, कारण तू काय केलं आहेस हे तुला माहीत नाही.

आयुष्याच्या या टोकाला आपण दोघं एका देशाचे क्रीडाधिकारी झालो, याचं मला रागातसुद्धा हसू येतं. आणि देश तरी कसला. एसेक्सच्या किनाऱ्यापासून बोटीने तासाभराच्या अंतरावर समुद्रातून वर आलेले दोन काँक्रीटचे खांब, त्यांच्यावर युद्धाच्या काळातला लोखंडी चौथरा, चौथऱ्यावर तीन खोल्या आणि एक झेंडा. लोकसंख्या तीन, मांजर धरून. जगातल्या एकाही सरकारने त्याला देश मानलेलं नाही. ब्रेंडाच्या नवऱ्याने तिथे उभं राहून एकदा स्वातंत्र्य जाहीर केलं, तो गेला, आणि ते स्वातंत्र्य वारसाहक्काने हिच्या गळ्यात पडलं. हिवाळ्यात तिथला वारा सोसत नाही म्हणून ही राणी आमच्या गल्लीत लेकीकडे राहते आणि कौन्सिलच्या कचऱ्याच्या बिनवर स्वतःच्या देशाचा स्टिकर लावते.

तिचं म्हणणं असं की देश सैन्याने होत नाही, नाण्यांनी होत नाही. देशाचा संघ मैदानात उतरला आणि समोरच्याने त्याच्याशी हात मिळवला की देश झाला. मला ते पटतं. डार्ट्सचा संघ तिने आधीच उभा केला होता. हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या बोल्सचाही केला होता, त्यात ती आणि तिचा दीर. मग एका रविवारी तिने मला पार्कमध्ये चार पोरांना खो-खो शिकवताना पाहिलं. काठीवर रेलून अख्खा डाव पाहिला आणि विचारलं, या खेळाला साहित्य काय लागतं. मी म्हटलं, दोन खांब. ती म्हणाली, दोन खांब आमच्या देशाकडे पहिल्यापासून आहेत.

तेवढ्यावर सुरुवात झाली. मग आम्ही चौथरा मोजला, तर मैदान देशात मावेना. खांब रोवले तर वळसा घेणारा गडी थेट समुद्रात. म्हणून आमचं राष्ट्रीय मैदान परदेशात, म्हणजे स्लाऊच्या पार्कमध्ये. तुला फोनवर हे सांगितलं तेव्हा तू ठसका लागेपर्यंत हसलास, आणि दुसऱ्या दिवशी निवड समितीची नियमावली लिहून पाठवलीस. अध्यक्ष आणि एकमेव सदस्य डॉक्टर पद्माकर. पहिला नियम: नावं कळवायची नाहीत, आडनावं नाहीत, गाव नाही, फक्त पाठीवरचा क्रमांक. कारण मिरजेच्या निवडचाचणीत तहसीलदाराच्या भाच्याला घेण्यासाठी आपल्यातला सगळ्यात चपळ पोरगा वगळला होता, आणि ते तुझ्या मनात अजून सलतंय. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला. म्हटलं, म्हातारा झाला तरी गडी सरळ आहे. आता वाटतं, सरळपणाच्या नावाखाली तू डोळ्यांना पट्टीच बांधून घेतलीस.

संघ कसा जमला ते तुला व्हिडिओत दिसलं नसेल. तनू केमिस्टच्या दुकानात उभी राहून आठवडा काढते आणि रविवारी पळते. वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवणारा एक पोलिश गडी आहे, इतका उंच की चौकोनात बसला तरी बसल्यासारखा वाटत नाही. अनुप आणि अनय हे जुळे भाऊ 'खो' देताना अजूनही 'सॉरी' म्हणतात; मी ओरडलो की मलाही 'सॉरी' म्हणतात. यातल्या एकालाही इंग्लंडच्या संघात कुणी विचारलं नसतं, आणि माझी मंजिरी गेल्यापासून रविवारची सकाळ मला खायला उठायची, तीही आता उठत नाही. या लोकांना मी आपल्या रघुवीर सरांच्या पद्धतीने शिकवतो. स्टॉपवॉच वापरतच नाही.

आठवतं ना तुला? सरांकडे घड्याळ होतं, पण ते कायम बंद पडलेलं असायचं. म्हणून चौकोनात बसलेल्या पोरांनी त्या आठवड्याची कविता हळू आवाजात म्हणायची, आणि पळणारा किती कडवी टिकला त्यावर त्याची किंमत. मी दीड कडव्याचा गडी. पहिल्या कडव्याच्या ध्रुवपदाला माझा श्वास फुलायचा. तुझ्यासाठी मात्र अख्खी कविता संपायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची, आणि मराठीचे बापटसर खिडकीतून ओरडायचे की चाल बिघडली, वृत्त मोडलं. मला कविता लागल्या त्या तिथे, मातीत उकिडवं बसून. अजूनही एखादी जुनी ओळ ओठांवर आली की तुझे पाय दिसतात. इथे मी पोरांकडून तेच करून घेतो. पोलिश गडी त्याच्या शाळेतली कविता म्हणतो, तनू तिची, मी आपली. सगळी मिळून भजनात चार मंडळं एकत्र घुसल्यासारखं वाटतं, पण ताल सापडतो.

सात नंबर पहिल्या दिवशी आली ती पार्कच्या दुसऱ्या टोकाला कार थांबली तिथून एकटी चालत. अठरा वर्षांची, मेडनहेडची. वडील तिला आणतात, पण गाडीतून उतरत नाहीत. दोन तास काच वर करून बसतात. तिला मराठी येतं, पण दुसऱ्याच्या किचनमध्ये भांडी शोधावीत तसं. शब्द सापडला की चेहरा उजळतो. गणपतीच्या हॉलमध्ये चिकटवलेला आपला जाहिरातीचा कागद वाचून आली होती. ब्रेंडाने त्यावर मोठ्या अक्षरांत निवड समितीच्या अध्यक्षांचं नाव छापलं होतं, हे आत्ता लक्षात ठेव.

ती पळाली आणि बसलेल्यांच्या कविता संपल्या. पद्या, मी खोटं सांगत नाही, दोन कडव्यांनंतर आम्ही विसरलोच की म्हणायचं आहे. डावा खांदा टाकते, अंग सगळं डावीकडे जातं, पाठलाग करणारा तिकडे झेपावतो, आणि ही उजवीकडून निघून गेलेली असते. अशी हूल देणारा एकच गडी मी आयुष्यात पाहिला होता, आणि त्याच्या हुलीवर मी शंभर वेळा तोंडावर पडलो होतो. तो गडी आज लीड्सला बसून तिच्याबद्दल लिहितो, मन खेळात नाही.

नागरिक व्हायला गल टॉवरवर एक मुक्काम करावा लागतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांची भांडी घासावी लागतात. ब्रेंडाच्या राज्यघटनेत एवढंच कलम आहे. मे महिन्यात आम्ही गेलो. बोटीत सगळे आडवे. जुळे भाऊ लाटांना 'सॉरी' म्हणायचेच बाकी होते. ही मात्र माझ्या शेजारी बसून विचारत राहिली, निवड करणारे डॉक्टर लहानपणी कसे पळायचे, पडायचे का, रडायचे का, घरी कुणी ओरडायचं का. मला वाटलं, निवड व्हायला हवी म्हणून पोरगी अभ्यास करतेय. मी आपला सांगत गेलो. नदीच्या घाटावर तू ओल्या पायऱ्यांवरून पळायचा सराव करायचास ते, जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात अंगठ्याचं नख उखडलं तरी बसला नाहीस ते. सकाळी भांडी घासून झाल्यावर त्या गंजक्या चौथऱ्यावर, खाली राखाडी समुद्र आणि डोक्यावर केकाटणारे पक्षी असताना, मी तिला तुझा खांब-वळसा दाखवला. माझ्या गुडघ्यांनी जेवढा दाखवला तेवढाच. तिने तो एकदाच पाहिला आणि केला. ब्रेंडाने तिच्या हातावर नागरिकत्वाचा शिक्का मारला, तेव्हा ती तो शिक्का बराच वेळ बघत होती. तिला तिथे कुणीही विचारलं नाही की तू मूळची कुठली. त्यानंतर घरी परत आल्यावर दोन दिवस तिने तो हात नीट धुतला नाही, असं तिनेच मला सांगितलं.

तीन आठवड्यांपूर्वी निवडचाचणी. तू येणार होतास. तूच दिवस ठरवलास, तूच सांगितलंस की सुप्रभावहिनींनाही आणतोस. मी संघाला सांगितलं, डॉक्टर येणार. सीमारेषेच्या बाहेर, मधल्या चौकोनासमोर, घडीची खुर्ची मांडली आणि तिच्यावर ब्रेंडाने देशाचा छोटा झेंडा बांधला. सात नंबर सगळ्यांच्या आधी येऊन थांबली होती, केस घट्ट बांधून, बूट पुसून. खेळ सुरू झाला. खुर्ची रिकामी. अर्धा डाव झाला, खुर्ची रिकामी. ती पळताना, वळताना, चौकोनात बसताना, प्रत्येक वेळी खुर्चीकडे बघायची आणि मग पार्किंगकडे. तुझा मेसेज मी सामना संपल्यावर वाचला. मोटरवेवर काम चाललंय, गुडघा धरलाय, व्हिडिओ पाठव. व्हिडिओ तनूच्या नवऱ्याने ब्रेंडाच्या फेसबुकसाठी काढला होता, तोच पाठवला. त्यात मैदान सगळं आलंय. खुर्ची आलेली नाही.

तर ही तुझी मैदानाबाहेरची नजर. ती तुला शोधत होती, आणि तू न आल्याचा दंड तिला लावलास.

आता ज्यावर आपण चौदा वर्षं बोललो नाही त्यावर बोलतो. इथे तू कागद खाली ठेवशील. ठेवू नकोस. तुझा सुयश सर्जरीचं प्रशिक्षण अर्ध्यावर सोडून शाळेत खेळाचा शिक्षक झाला, तेव्हा मी तुझ्याच घरी जेवायला होतो. पाडव्याचं जेवण. सुयशने सांगितलं, मुलांना पळायला शिकवतो तेव्हा मला बरं वाटतं, बाबा. आणि तू ताटावरून मान वर न करता म्हणालास, "चाळीस वर्षं या देशात घासली ती मुलगा पी.टी. मास्तर व्हावा म्हणून." तुझ्या आवाजात ओरडणं नव्हतं. ओरडला असतास तर बरं झालं असतं. सुयश उठला. त्याची बायको उठली. चार वर्षांची पोर खुर्चीवरून उतरायला तयार नव्हती, तिची पुरी अर्धी राहिली होती. तिला उचलून नेलं. सुप्रभावहिनी दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. त्यांचं गप्प राहणं तू संमती समजलास. मी सुद्धा त्यांच्या हातचा श्रीखंडाचा वाडगा घेऊन मुकाट बसलो होतो.

पी.टी. मास्तर ही शिवी कधीपासून झाली, पद्या? तुझ्या वडिलांनी तुला अडतीच्या दुकानात बसवायचं ठरवलं होतं. कोण आलं होतं तुमच्या ओसरीवर? रघुवीर सर. पी.टी. मास्तर. पोराला पुण्याला शिकायला पाठवा, एवढं एकच वाक्य बोलले आणि खाली सतरंजीवर बसून राहिले. चहा नाकारला, पाणी नाकारलं. दिवेलागणीला तुझे वडील कंटाळून हो म्हणाले, तेव्हा उठले. त्या माणसाने तुझ्या पाठीला हात लावून 'खो' दिला म्हणून तू उठलास आणि थेट लीड्सच्या ऑपरेशन थिएटरपर्यंत धावलास. सुयश तेच काम करतो. दुसऱ्यांच्या पोरांच्या पाठीला हात लावतो. आणि त्याचा तुला इतका कमीपणा वाटला की हॉस्पिटलमधल्या लोकांना तू सांगितलंस, मुलगा परदेशी असतो. मेडनहेड परदेश. गल टॉवरसुद्धा तुझ्यापेक्षा जवळ आहे त्याला.

आपल्या खेळात ओळीने बसतात, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. मला तुम्ही दोघं असेच दिसता. शेजारी बसलेले, एकमेकांकडे पाठ, आणि नियम असा की स्वतःहून उठायचं नाही. मी चौदा वर्षं मैदानाबाहेर उभा राहून म्हणत आलो, त्यांचं घरचं आहे, आपण कोण. मंजिरी असती तर तिने मला केव्हाच ढकललं असतं.

मंगळवारी संध्याकाळी मी यादी वाचून दाखवली. तुझ्याच नियमाने, फक्त क्रमांक. सहा झाला, आठ म्हटलं. मधला आकडा आलाच नाही हे सगळ्यांना कळलं. पोलिश गडी उभा राहिला, तनू म्हणाली की ही नसेल तर मीही नाही, आणि जुळे भाऊ पहिल्यांदाच सॉरी म्हणाले नाहीत. तिने सगळ्यांना खाली बसवलं. अंगातला सात नंबरचा बिब काढला, नीट चौपदरी घडी केली आणि माझ्या हातात दिला. रडली नाही. मला विचारलं की रविवारच्या शेवटच्या सरावाला येऊन सीमारेषेवर पाणी द्यायला बसलं तर चालेल का. मग चालत गेली, त्या काच वर केलेल्या गाडीकडे. गाडी लगेच निघाली नाही. बराच वेळ उभी होती. मी इकडे बिब धरून उभा, आणि पहिल्यांदा मला वाटलं की तुला मारावं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, एक थोबाडीत बसेल एवढी ताकद आहे अजून.

मी कुणाला तरी शब्द दिला होता, आणि आता तो मोडतो आहे. बोटीवरून परत येताना, किनारा दिसायला लागल्यावर, सात नंबरने मला सगळं सांगितलं होतं आणि म्हणाली होती, "शशीआजोबा, त्यांना माझं नाव नको सांगू. त्यांनी मला पिक केलं पाहिजे. नावाला नाही." तुला कळलं असेल. तू ऑर्थोपेडिक सर्जन आहेस, लोकांच्या चालण्यावरून त्यांचं दुखणं सांगायचास. ती ईरा आहे. तुझ्या सुयशची ईरा. अर्धी पुरी टाकून नेली होती ती. गाडीत बसतो तो सुयश. तुझं नाव त्या कागदावर वाचून ती आली, तुझी हूल वापरून पळाली, तुझ्या खुर्चीकडे बघत राहिली आणि त्याच बघण्यासाठी तू तिला काढून टाकलंस. हे पत्र तिला परत घ्यावं म्हणून लिहिलेलं नाही. तसं करशील तर मी राणीला सांगून तुझी समिती बरखास्त करीन. नातीला नात म्हणून घेतलेलं तिला नको आहे आणि मलाही नको आहे. मला एवढंच हवं आहे की रविवारी सकाळी तू इथे यावंस. मोटरवेवर काम असू दे, गुडघा असू दे. त्या खुर्चीत बस. ती पळेल ते आपल्या डोळ्यांनी बघ. कितवं कडवं चाललंय ते मोज. त्यानंतरही वगळावीशी वाटली तर वगळ, पण तिच्यासमोर उभं राहून, तोंडाने सांग. आणि सांगून झालं की पार्किंगपर्यंत चालत जा आणि काचेवर टकटक कर.

थांब, बेल वाजली.

दारात सुप्रभावहिनी होत्या. एकट्या. चाकांची बॅग, पायात पळायचे नवे बूट. लीड्सहून ट्रेनने आल्या, लंडनला स्वतः गाडी बदलली. आत येऊन कोट काढला, टेबलावरचं पत्र पाहिलं, कुणाला ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी वाचायला मागितलं नाही. म्हणाल्या की मंगळवारी तू ई-मेल पाठवलास ते त्यांना आज सकाळी कळलं. मग खुर्चीवर बसून त्यांनी मला सांगितलं, "मी तिला पहिल्याच डावात ओळखलं, भावजी. तीन आठवडे रोज तोच व्हिडिओ बघत होते हे. हे कधी ओळखतात याची मी शेजारी बसून वाट बघितली." एवढं बोलून त्यांनी सुयशचा पत्ता विचारला, आणि मी तो लिहून देत असताना त्यांनीच तुझ्यासाठी निरोप दिला, तसाच्या तसा लिहितो: रविवारपर्यंतचं जेवण फ्रिजमध्ये आहे. त्याच्या पुढचं तुमचं तुम्ही बघा.

तुझाच, अजूनही आणि नाइलाजाने,
शशी